अंगावर काढलेली वर्षं

पाळी कायमची गेली की बाई पहिल्यांदा काय म्हणते? 'सुटले एकदाची.' भिवंडीत हे वाक्य निदान चार बोलींत ऐकू येतं. काल्हेर-अंजूरच्या आगरी घरांत, निजामपुऱ्याच्या कोकणी मुसलमान वस्तीत, पद्मानगरच्या तेलुगू विणकरांत आणि शांतीनगरच्या गल्ल्यांत, जिथे उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं यंत्रमागांच्या आधारानं राहतात.

ही सुटका खोटी नाही. दहा बाय बाराची खोली, चार घरांत एक संडास, कापड वाळत घालायला आडोसा नाही. तीस-पस्तीस वर्षं हे दर महिन्याला सांभाळलेल्या बाईला सुटल्यासारखं वाटणारच. शरीरालाही काही फायदे मिळतात. दरमहा रक्त जायचं थांबलं की अशक्तपणा कमी होतो, गर्भाशयातल्या गाठी बहुधा आक्रसतात, दिवस राहण्याची धास्ती संपते. म्हणून 'सुटले' म्हणणाऱ्या बाईला लगेच आजारांची यादी वाचून दाखवणाऱ्यांवर माझा राग आहे. तिला चार दिवस आनंदात राहू द्यावं.

पण त्या एका शब्दासरशी तिचं नाव दोन ठिकाणांहून खोडलं जातं. घरात तिचं दुखणं 'वयाचं' ठरतं आणि दवाखान्यात तिच्यासाठी वेगळी रांग उरत नाही. आपली सरकारी आरोग्यव्यवस्था बाईकडे मुख्यतः आई म्हणून बघत आली. नोंदणी गरोदरपणाची, लस बाळाची, ऑपरेशन कुटुंबनियोजनाचं. २००५ साली आशाताई आल्या त्याही प्रामुख्यानं बाळंतपणं दवाखान्यात व्हावीत आणि बाळं जगावीत म्हणून. ते काम त्यांनी केलं. पण पंचेचाळिशी ओलांडलेली, मुलं मोठी झालेली बाई कुठल्याच रजिस्टरच्या रकान्यात बसत नव्हती. पुढे तिशीनंतरच्या सगळ्यांची रक्तदाब, मधुमेह आणि कर्करोगांसाठी तपासणी सुरू झाली. या बाईच्या उपयोगाची ती मोठी सोय आहे, पण ती आपल्यासाठी आहे हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

भिवंडी तर पुरुषांच्या हिशेबानंच वाढलेलं शहर. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत सात लाखांवर माणसं मोजली गेली आणि हजार पुरुषांमागे बायका निघाल्या ७०९. मागावर बारा-बारा तास उभा राहणारा कामगार गावी बायको ठेवून येतो, म्हणून हा आकडा. त्या ७०९ मधल्या पन्नाशीच्या बायका शोधायच्या तर मागाच्या कारखान्यात कांडीच्या मशीनपाशी जावं.

कांडी म्हणजे धोट्यात बसणारी आडव्या सुताची गुंडाळी. मशीनवर ओळीनं कांड्या फिरत असतात. भरलेली उतरवायची, रिकामी चढवायची, धागा तुटला की बोटांच्या टोकांनी जोडायचा. मजुरी भरलेल्या कांड्यांवर. शेजारी मागांचा खडखडाट एवढा की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. केसांत, भुवयांवर, पदरावर सुताची भुकटी. वर पत्रा. अशा ठिकाणी एक मावशी मला म्हणाल्या, ''पोटातून वाफ उठते, छातीवरून डोक्यात जाते आणि सगळी भिजते मी. बाकीच्या हसतात. म्हणतात, गरम सगळ्यांनाच होतंय, तुलाच काय एवढं?''

मावशींचं बरोबर होतं. पत्र्याची उष्णता बाहेरून येते, त्यांची आतून येत होती. मेंदूच्या तळाशी एक केंद्र शरीराचं तापमान राखतं. तापमान थोडं वरखाली झालं तरी ते गप्प बसतं. ठरलेली हद्द ओलांडली तरच घाम किंवा कुडकुडी. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं आणि ही हद्द अरुंद होते. मग एरवी ज्याची दखलही घेतली गेली नसती, तेवढ्याशा उबेनं केंद्र गडबडतं, कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतं आणि घामाचा लोट सोडतं. दोन-पाच मिनिटांत सगळं ओसरतं आणि बाई गारठते. रात्री हेच चार वेळा झालं तर झोप गेली. झोप गेली की चिडचिड आली, विसराळूपणा आला. घरचे म्हणतात, आई अलीकडे फार कटकट करते. 'वर्षभरात जाईल' असं सांगण्याची पद्धत आहे, पण अमेरिकेत हजारो बायकांचा वर्षानुवर्षं माग ठेवणाऱ्या एका अभ्यासात निम्म्या बायकांच्या या वाफा सात वर्षांहून अधिक टिकल्या.

पाळी गेली हे ठरवायचं कसं? सलग बारा महिने आली नाही आणि त्याला दुसरं कारण नाही, तर गेली. म्हणजे हा निकाल नेहमी मागे वळूनच लागतो. सुश्रुतानं पाळीचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंतचा सांगितला आहे. युरोप-अमेरिकेत हे सरासरी वय आज एक्कावन्नच्या आसपास आहे. भारतीय बाईची पाळी त्याआधी, सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते. हा चार-पाच वर्षांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. हाडांना आणि हृदयाला मात्र तेवढी वर्षं इस्ट्रोजेनच्या पहाऱ्याशिवाय जास्त काढावी लागतात. लहानपणचं कुपोषण त्याला हातभार लावतं. तंबाखूही लावते: धूम्रपान करणाऱ्या बायकांची पाळी वर्ष-दोन वर्षं आधी जाते हे पक्कं ठाऊक आहे. आपल्याकडे बाई सहसा विडी ओढत नाही, ती सकाळी मशेरी लावते आणि तिला दात घासणं म्हणते. मशेरी तंबाखूच आहे.

आता हाडांकडे येऊ, कारण सगळ्यात मोठी चोरी तिथे होते आणि आवाज न करता होते. हाड म्हणजे एकदा ओतलेला खांब नव्हे. ती कायम डागडुजी चालू असलेली इमारत आहे. एक टोळी जुनं पाडते, दुसरी नवं बांधते. इस्ट्रोजेन म्हणजे या कामावरचा मुकादम. पाडणाऱ्यांना तो आवरून धरतो. मुकादम गेला की पाडणारे मोकाट सुटतात आणि बांधणारे मागे पडतात. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत ही झीज सर्वांत वेगानं होते. दुखत मात्र काहीच नाही. कळतं तेव्हा मनगट मोडलेलं असतं, किंवा आजीची उंची कमी झालेली असते. पाठीला आलेलं पोक हे म्हातारपणाचं लक्षण समजलं जातं. पुष्कळदा ते मणक्यांचे दबून झालेले अस्थिभंग असतात. आणि मग एक दिवस मोरीत पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं. घरातली चालतीफिरती बाई खाटेवर येते.

भिवंडीच्या बायकांचा गुडघ्या-कंबरेच्या दुखण्यावरचा जुना उपाय तालुक्यातच आहे. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या वसईच्या मोहिमेत वज्रेश्वरीला नवस केला आणि नंतर देऊळ बांधलं गेलं, ही कथा सांगत सांगत बायका तिथे जातात आणि गंधकाच्या वासाच्या पाण्यात पाय सोडून बसतात. मला ही सहल मनापासून पसंत आहे. ऊन पाण्यानं आखडलेले स्नायू सैल होतात, चार मैत्रिणी भेटतात, एक दिवस चुलीपासून सुट्टी. हाडातला चुना, म्हणजे कॅल्शियम, मात्र पाण्यात बसून वाढत नाही.

तो ताटातून यावा लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०२० मध्ये पाळी गेलेल्या बाईसाठी दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली. इतर बहुतेक मोठ्या माणसांना १००० पुरतं. आता भिवंडीच्या पूर्वेला पडघा-शहापूरकडे आणि पुढे जव्हार-मोखाड्यात पिकणारी नाचणी बघा: शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम. तिळात त्याहून कितीतरी जास्त, पण तीळ कुणी वाटीनं खात नाही. काट्यासकट चावून खायची बारीक सुकी मासळी हीसुद्धा चुन्याचीच खाण आहे आणि आगरी-कोळी घरात ती डब्यात असतेच. फक्त तिच्यातलं मीठ रक्तदाबवाल्या बाईनं धुऊन टाकावं. गंमत अशी की दोन भाकऱ्या नाचणीच्या, वाटीभर दही आणि मूठभर सुकट असं जेवण एके काळी इथे गरिबीचं समजलं जाई. भिवंडीभोवतीच्या जमिनी गोदामांना गेल्या, हातात पैसे आले आणि ताटात मैदा आला.

चुना आतड्यातून रक्तात यायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते उन्हात कातडी तयार करते. एवढ्या उन्हाच्या देशात ते कमी कसं, असं लोक विचारतात. मागांच्या गाळ्यात ऊन येत नाही. चाळीच्या खोलीतही येत नाही. बुरखा असो की पदर, की कार्यालयातला एसी, कातडीला ऊन लागलं नाही तर हिशेब तोच. कोवळं ऊन चांगलं असा समज आहे, पण ड जीवनसत्त्व बनवणारे किरण मिळतात ते सूर्य डोक्यावर असताना. दुपारी गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायका नकळत शहाणपणाचंच वागत होत्या.

आणि व्यायाम? इथे एक ठरलेलं उत्तर येतं: ''अहो, दिवसभर कामच तर करतो.'' खरं आहे. पण कांडीवर, शिलाईवर, धागे कापायला पाठ वाकवून बसणं हे शरीराला थकवतं, हाडाला मजबूत करत नाही. हाडाला भार लागतो. जिना चढणं, भरभर चालणं, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला बोट लावून एका पायावर उभं राहणं. शेवटच्या प्रकाराला कुणी व्यायाम म्हणणार नाही, पण मोरीत घसरताना तोल सावरतो तो त्याच्याच जोरावर.

हृदयाबद्दल थोडक्यात. पाळी असेपर्यंत बाईला पुरुषाच्या मानानं थोडं संरक्षण असतं. पाळीनंतर वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, चरबी पोटावर जमू लागते, रक्तदाब चढतो. बाईचा झटका सिनेमातल्यासारखा छाती धरून येईलच असं नाही. जबडा दुखणं, पाठीच्या वरच्या भागात कळ, दम लागणं, विलक्षण थकवा, मळमळ. हे सगळं 'पित्त झालं' म्हणून सोडा पिऊन काढलं जातं. छातीत कळ आली तर पुरुषाला रिक्षात घालून नेतात, बाईला ओवा देतात.

काढलं जातं, म्हणजे अंगावर काढलं जातं. मराठीत बायकांच्या आजारपणाचे दोन शब्दप्रयोग शेजारी शेजारी राहतात. एक 'अंगावरून जाणं' आणि दुसरा 'अंगावर काढणं'. पहिलं झालं की बाई दुसरं करते. १९८९ मध्ये डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासून 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचं काही ना काही दुखणं होतं आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. जगाला तोवर गरीब देशांतल्या बाईच्या गर्भाशयात फक्त मूल दिसत होतं.

पन्नाशीनंतर तर लाज दुप्पट होते. लघवीची जागा कोरडी पडते, जळजळते, संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. खोकला आला, हसू आलं की थेंब सांडतात. अंग खाली उतरल्यासारखं वाटतं. संडास लांब आणि रात्री अंधार, म्हणून बाई पाणीच कमी पिते आणि संसर्गाला बोलावणं धाडते. यावर साधे उपाय आहेत. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळले जातात तेच एरवी दिवसातून काही वेळा आवळण्याचा व्यायाम आहे, डॉक्टरांच्या सल्ल्यानं आतून लावायचं इस्ट्रोजेनचं मलम आहे, अंग उतरलं असेल तर आधाराची रिंग आहे. पण उपाय मागायला तोंड उघडावं लागतं, आणि समोरचा डॉक्टर पुरुष असेल व सोबत सून असेल तर ते उघडत नाही.

मग काही ठिकाणी एक मोठाच उपाय पुढे केला जातो: पिशवी काढून टाका. पांढरं जातंय? पिशवी काढा. कंबर दुखते? पिशवी काढा. याचं सगळ्यात वेदनादायक चित्र बीडच्या ऊसतोड कामगार बायकांनी २०१९ मध्ये राज्यापुढे आणलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, पुष्कळ जणींचं चाळिशीच्या आत. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड भरावा लागतो, त्यापेक्षा पिशवीच नको, असा त्यामागचा व्यवहार. रोजंदारीवर जगणाऱ्या कुठल्याही गावाला हा व्यवहार परका नाही, कांडीवर मजुरी मोजणाऱ्यालाही नाही. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन हळूहळू कमी होत नाही, एका रात्रीत जातं. पस्तिशीच्या बाईची हाडं आणि रक्तवाहिन्या पन्नाशीच्या वाटेला लागतात. अशा बाईला, दुसरी काही मनाई नसेल तर, पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत बाहेरून इस्ट्रोजेन द्यावं असा वैद्यकाचा सल्ला आहे. तो बहुतेकींपर्यंत पोचतच नाही. ऑपरेशन सुचवलं गेलं तर 'अंडाशयं ठेवणार की काढणार?' हा प्रश्न विचारायला विसरू नये, आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय तारीख ठरवू नये.

बाहेरून इस्ट्रोजेन म्हटलं की कर्करोगाची भीती येते. तिचं मूळ जुलै २००२ मध्ये आहे. अमेरिकेत १६,६०८ बायकांवर चाललेली इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या गोळ्यांची चाचणी मध्येच थांबवली गेली, कारण स्तनाचा कर्करोग वाढताना दिसला. किती वाढला? दहा हजार बायकांमागे वर्षाला आठ. त्याच दहा हजारांत खुब्याचे अस्थिभंग पाचनं कमी झाले. पण बातमी फक्त पहिली पसरली. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय होतं त्रेसष्ट. वाफांनी हैराण झालेली अठ्ठेचाळीस वर्षांची बाई त्यांत नव्हतीच. आज जाणकार म्हणतात की साठीच्या आत, पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, त्रास खरोखरच असेल आणि स्तनाच्या कर्करोगाचा, रक्ताच्या गुठळ्यांचा वा यकृताच्या आजाराचा इतिहास नसेल तर हे औषध विचारात घ्यावं. म्हणजे प्रत्येकीनं घेऊ नये आणि प्रत्येकीनं घाबरूही नये.

आता ज्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं तिथे येतो. भिवंडीपासून दोन-अडीच तासांवर, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक काम सुरू केलं. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका. अर्ध्यांना नुसती माहिती, अर्ध्यांची दर दोन वर्षांनी तपासणी. तपासणारे डॉक्टर नव्हते. वस्तीतल्याच, दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना काही आठवडे प्रशिक्षण दिलं होतं. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसिटिक आम्ल लावायचं, म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचाच भाऊ, आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेला भाग पांढरा पडतो. यंत्र नको, प्रयोगशाळा नको. तपासणी झालेल्या अर्ध्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच बायकांचे स्तन हातांनी तपासले जात होते. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. सगळ्या वयांचा मिळून फायदा निर्विवाद म्हणण्याएवढा नव्हता, पण पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. मॅमोग्राफीचं महागडं यंत्र नसताना, फक्त शिकवलेल्या हातांनी. रजिस्टरातून नाव खोडलेल्या बाईलाच सर्वांत जास्त लाभ झाला होता.

एक बारकावा सांगायला हवा. पाळी गेल्यावर गर्भाशयमुखाचा जो भाग तपासायचा असतो तो आत सरकतो, त्यामुळे व्हिनेगरची तपासणी पन्नाशीनंतर तितकी भरवशाची राहत नाही. तिथे एचपीव्ही विषाणूची चाचणी सरस ठरते, आणि तीही आपल्याच धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद, जिल्ह्यातल्या गावांत पारखली गेली. २००९ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात एकदाच केलेल्या चाचणीनं या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आले. हे सगळं इथल्याच बायकांच्या अंगावर सिद्ध झालेलं ज्ञान आहे. ते परदेशातून मागवायचं नाही. परळहून आणि धाराशिवहून भिवंडीच्या गल्लीत आणायचं आहे.

वाट बघू नये असं एक लक्षण मात्र आहे. पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि पुन्हा अंगावरून गेलं, एक डाग का असेना. घरात म्हणतात, ''परत पाळी आली, म्हणजे अजून ताकद आहे.'' ही ताकद नव्हे. अशा दहा बायकांतल्या साधारण एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो. उरलेल्या नऊ जणींना कोरडेपणा, मस्सा असं साधं कारण असतं, पण ती एक कोण हे घरी बसून कळत नाही. सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात आणि गरज पडली तर तुकडा तपासायला पाठवतात. लवकर सापडलेला हा कर्करोग बहुधा पूर्ण बरा होतो.

तेव्हा असा डाग दिसला तर भिवंडीतल्या बाईनं इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात, आणि इतरांनी आपापल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात, त्याच आठवड्यात जावं. डॉक्टरांना दोनच गोष्टी आधी सांगायच्या: पाळी कधी गेली आणि डाग कधी दिसला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरचेही पैसे पडत नाहीत.